खेळाला शेवट आहे का?

शाळांना सुट्टी लागली की दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते : ‘डॉक्टर, आधी याचा तो राक्षस मारायचा खेळ बंद करा.’ ताप, खोकला, पोटदुखी यांच्या जोडीला हा विषय आता कायमचा येऊन बसला आहे. नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगाव यांच्या मधले, रेल्वेमार्गावरचे तालुक्याचे गाव. येथे खेळांसाठीचे महागडे यंत्र फार थोड्या घरांत आढळेल. पण मोबाइल घरोघरी आहे, आणि पुण्या-नाशिकला शिकणारा थोरला भाऊ लॅपटॉप घेऊन घरी आला की धाकट्यांचा घोळका त्याच्याभोवती जमतो. पडद्यावर डोंगराएवढा प्राणी डरकाळी फोडतो आणि मुठीएवढा नायक त्याच्या पाठीवर चढू पाहतो. पालकांना त्यात दोनच गोष्टी दिसतात : मारामारी आणि वाया गेलेले तास. मुलाचे त्या खेळाविषयी मत काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

ते विचारावे, असे मला वाटते. मूल आपल्या खेळाचे कौतुक कशासाठी करते आणि त्याची तक्रार कशाविषयी आहे, यावरून तो खेळ त्याच्या प्रकृतीला मानवतो आहे की नाही, याचा बराच अंदाज येतो. महाकाय शत्रूंशी झुंजण्याच्या दोन खेळांविषयी खेळाडूंचे जे म्हणणे आहे, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांतला एक आपल्या पुण्यात तयार झाला, दुसरा जपानमध्ये.

पुण्याची ‘राजी’

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा साहसी खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने घडवला आणि २०२० मध्ये तो जगभर उपलब्ध झाला. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय सोहळ्यात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. कथा साधी आहे. असुर पृथ्वीवर चाल करून येतात आणि गोलू नावाच्या लहान मुलाला पळवून नेतात. त्याला सोडवण्यासाठी त्याची बहीण राजी निघते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ तिच्या हाती आहे आणि समोर असुरांचा अधिपती महाबलासुर आहे. कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. महाल, झरोके, भिंतींवरची चित्रे यांवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे.

खेळाडूंची मते दोन्ही बाजूंची आहेत. कौतुक होते ते दृश्यांचे, संगीताचे आणि आपल्या मातीतील कथा पडद्यावर प्रथमच इतक्या देखण्या रीतीने आल्याचे. तक्रारी आहेत त्या लढाईच्या हालचालींत चपळाई कमी असल्याच्या, आणि त्याहून मोठी म्हणजे खेळ फार लवकर आटोपल्याची. साधारण पाच-सहा तासांत तो संपतो, आणि कथा अशा वळणावर थांबते की मनाला चुटपूट लागते.

खेळाडूच्या दृष्टीने ही उणीव असेल. डॉक्टर म्हणून मला मात्र तिच्यात एक गुण दिसतो. या खेळाला शेवट आहे. चार-पाच रविवारी तो पुरा होतो, मग मूल त्याविषयी बोलते, चित्रे काढते, आजीला महिषासुराची गोष्ट विचारते आणि दुसऱ्या कामाला लागते. पुस्तक संपल्यावर किंवा चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर मनाला जी विश्रांती मिळते, तशीच ही विश्रांती आहे.

पाडलेल्या महाकायांचे दुःख

दुसरा खेळ ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा खेळ २००५ मध्ये प्रथम आला आणि २०१८ मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला. वाँडर नावाचा एक तरुण मृत मुलीला पुन्हा जिवंत करण्याच्या आशेने निषिद्ध प्रदेशात येतो. त्यासाठी त्याने १६ महाकाय जीव मारावेत, अशी अट त्याला घातली जाते. त्या प्रदेशात गावे नाहीत, माणसे नाहीत, वाटेत मारण्यासारखे किरकोळ शत्रूही नाहीत. एक घोडा, एक तलवार, एक धनुष्य आणि मैलोगणती शांतता, एवढेच आहे.

हा खेळ खेळणाऱ्यांचे म्हणणे ऐकले तर आश्चर्य वाटेल. नियंत्रण अवघड आहे, घोडा ऐनवेळी ऐकत नाही, दृश्याचा कोन भलतीकडेच फिरतो, या कुरबुरी आहेतच. पण बहुतेक जण शेवटी एकाच गोष्टीवर येतात : महाकाय कोसळला की आनंद होत नाही. त्यांतले काही जीव आपण होऊन हल्लाही करत नाहीत. ते पडतात तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकसंगीत वाजते; आणि प्रत्येक विजयानंतर नायकाची मुद्रा अधिकाधिक काळवंडत जाते. ‘मी हे का केले?’ हा प्रश्न खेळाडूच्या मनात उभा राहतो.

एखादे पंधरा-सोळा वर्षांचे मूल ‘तो प्राणी मारताना मला वाईट वाटले’ असे म्हणत असेल, तर त्याची संवेदना बोथट झाली आहे असे म्हणता येणार नाही. पडद्यावर तलवार दिसली म्हणजे मूल हिंसक झाले, असा सरळ निष्कर्ष वैद्यकशास्त्र काढत नाही. या विषयावरचे संशोधन परस्परविरोधी आहे, आणि मुलाच्या आक्रमकतेची कारणे घरातील वातावरण, झोप, अभ्यासाचा ताण, मित्रमंडळी अशा अनेक ठिकाणी शोधावी लागतात. तरीही वयाची मर्यादा पाळायलाच हवी. अमेरिकेतील मानांकनानुसार हा खेळ किशोरवयापासून पुढच्यांसाठी आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो देऊ नये.

याच खेळाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावासा वाटतो. २००७ च्या ‘रेन ओव्हर मी’ या अमेरिकी चित्रपटातील नायकाने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात पत्नी आणि मुली गमावल्या आहेत. तो घरात कोंडून घेऊन हाच खेळ पुनःपुन्हा खेळत राहतो. चित्रपट काल्पनिक असला तरी त्यातील निरीक्षण अचूक आहे : अतिरेकी खेळणे कित्येकदा मूळ रोग नसते, ते लक्षण असते. मूल एकाएकी खेळात बुडाले तर त्याआधीच्या महिन्यांत काय घडले, ते आठवून पाहा. शाळेतील छळ, नापास होण्याची भीती, घरातील भांडणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, यांपैकी काही हाती लागण्याचा संभव असतो. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेतला तर लक्षण झाकले जाते आणि दुखणे आत राहते.

ज्यांना शेवट नाही असे खेळ

वरील दोन्ही खेळांत एकटा खेळाडू असतो, कथा असते आणि कथेला शेवट असतो. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या पुष्कळ खेळांची रचना वेगळी असते. त्यांतही राक्षस असतो, पण तो मेला की उद्या आणखी मोठा येतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. आत काय निघेल ते ठाऊक नसलेली पेटी उघडायची आणि हवी ती वस्तू न निघाल्यास पैसे भरून पुन्हा उघडायची. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की तीच कृती पुनःपुन्हा करण्याची ओढ सर्वाधिक टिकते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांनी फार पूर्वीच दाखवले आहे. जुगाराच्या यंत्रामागेही हेच तत्त्व असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण या पेट्यांचा मोह ओळखण्याचे काम घरातच करावे लागेल.

मुलाच्या बोलण्यात येथे फरक जाणवतो. शेवट असलेल्या खेळाविषयी मूल गोष्ट सांगते : तो प्राणी कसा होता, त्याचे मर्मस्थान कोठे सापडले, किती वेळा हरल्यावर युक्ती सुचली. शेवट नसलेल्या खेळाविषयी ते आकडे सांगते : किती नाणी, कितवी पातळी, किती दिवस सलग. आणि ‘मजा येते का?’ असे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘मजा नाही येत, पण सोडले तर मागे पडेन.’ हे वाक्य कानी पडले की पालकांनी सावध व्हावे.

शरीराचा हिशोब

खेळ कोणताही असो, शरीर आपला हिशोब मांडतेच. मोठ्या शत्रूशी झुंजताना अ‍ॅड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, तळहातांना घाम येतो. झुंज संपली तरी ही उत्तेजना लगेच ओसरत नाही. म्हणून रात्री साडेदहाला राक्षस मारून अकराला झोप येत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. झोपण्यापूर्वीचा किमान एक तास खेळाविना जावा.

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. रोज उजेडात, मोकळ्या हवेत खेळणाऱ्या मुलांत लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागले तर तेथील स्नायूबंधांना सूज आल्याची शक्यता असते. काही दिवस विश्रांती हाच पहिला उपाय. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे अशा मुलांनी वेगाने लखलखणारी दृश्ये टाळावीत. १९९७ मध्ये जपानात ‘पोकेमॉन’च्या एका दूरदर्शन भागातील लाल-निळ्या लखलखाटाने ६०० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

छंद कोठे संपतो, विकार कोठे सुरू होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान दिले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा उरत नाही. इतर सर्व आवडी आणि दैनंदिन कामे यांच्यापेक्षा खेळाला अग्रक्रम मिळतो. नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. यामुळे अभ्यास, कुटुंब, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला असावा आणि हे साधारणपणे १२ महिने चाललेले असावे. लक्षणे तीव्र असल्यास त्याहून कमी काळही पुरतो. सुट्टीत तीन दिवस खेळ डोक्यात घेतलेले मूल या व्याख्येत बसत नाही. त्याला ‘व्यसनी’ म्हणू नये. तो शब्द मुलाला फार खोल लागतो.

लक्षणे खरोखर दिसत असतील तर मात्र वेळ दवडू नये. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये.

घरात विचारावयाचे पाच प्रश्न

१. या खेळाला शेवट आहे का? असेल तर तू कोठवर आला आहेस?

२. खेळ मध्येच थांबवता येतो का? एकट्याचा खेळ बहुधा थांबवता येतो. मित्रांबरोबरचा डाव अर्ध्यावर सोडला तर सोबत्यांचे नुकसान होते. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असे म्हणण्याऐवजी दहा मिनिटे आधी सांगावे आणि ‘हा डाव शेवटचा’ असे ठरवावे. ठरल्यावर मात्र तडजोड नको.

३. यात पैसे कोठे मागतात? पालकांच्या खात्याला जोडलेला मोबाइल मुलाच्या हाती देण्यापूर्वी खरेदीला पासवर्ड लावावा.

४. अनोळखी माणसे तुझ्याशी बोलतात का?

५. तुला यातले काय आवडले आणि काय खटकले? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो चौकशीच्या सुरात विचारू नये. शेजारी बसून, एखादी झुंज पाहून मग विचारावा.

लहानग्यांसाठी नियम अधिक कडक हवेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. त्यापुढील वयात झोप, अभ्यास, मैदानावरचा खेळ आणि घरच्यांसोबतचे जेवण यांना जागा राहिली की उरलेला वेळ मोजावा.

मुलांना राक्षसांचे आकर्षण नवे नाही. बकासुराची, घटोत्कचाची गोष्ट ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या, आणि बकासुर मेल्यावर आजी दिवा मालवून झोपायला सांगत असे. गोष्टीचा तो शेवट आजीच्या हाती होता. मोबाइलवरच्या खेळात तो खेळ बनवणाऱ्याच्या हाती असतो, आणि बनवणाऱ्याने ठेवलेला नसेल तर तो घरच्यांनी घालून द्यावा लागतो. यासाठी आज रात्री जेवताना मुलाला एवढेच विचारून पाहा : ‘तुझ्या खेळातला सर्वांत मोठा प्राणी कोणता, आणि तो हरला तेव्हा तुला काय वाटले?’ उत्तर लांबले तर लांबू द्या.