रंग रसाचा नव्हे, सालीचा

रेड वाइन भट्टीवर गाळतात, असा समज भंडारा जिल्ह्यात सहज होऊ शकतो, कारण मोहफुलांची दारू तशीच होते: आंबवलेली फुले उकळायची आणि वाफ थंड करून धार धरायची. वाइनला चूल लागत नाही. यीस्ट द्राक्षातल्या साखरेचे अल्कोहोल करते आणि काम तिथेच संपते. अल्कोहोलचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के भरते.

लाल रंग रसाचा, हाही गैरसमजच. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षांचा मणी पिळला तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग सालीत असतो, म्हणून मणी चुरडून साली-बियांसकट आंबवतात. साली वर तरंगून थर धरतात. तो थर पुन्हा पुन्हा रसात बुडवावा लागतो. जिभेवरचा तुरटपणाही साली-बियांतलाच. बाजारातली थॉमसन सीडलेस येथे उपयोगी नाही, कारण ती हिरवी, पातळ सालीची आणि बिनबियांची असते.

चांगली वाइन थंड देशांतच होते, या समजाला नाशिकने उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर कात्रीने दिले आहे. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात पिकते. नाशिकला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, वेल अशी झोपत नाही. शेतकरी एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी तयार करून घेतो आणि पावसाळा सरताना फळछाटणी करतो. त्यामुळे घड कोरड्या थंडीत पिकतात आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. दिवसा ऊन साखर भरते, रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवतो. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याचे हे कसब कोणत्याही युरोपीय परंपरेइतकेच मोलाचे आहे. भंडाऱ्यात, धानाच्या बांधीत, मात्र हे जमणार नाही, कारण तिथे पाणी साचते. ते धानाला हवे असते, तर द्राक्षाच्या मुळांना निचरा हवा.

नाशिकची ही ओळख फार जुनी नाही. ‘सुला’ या नाशिकच्या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

रेड वाइन हृदयाला औषध, असेही सांगितले जाते. पण अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

जितकी जुनी तितकी उत्तम, हेही सरसकट खरे नाही. ओकच्या पिंपात मुरवलेली, सुलाच्या ‘रासा’ शिराझसारखी महागडी वाइन काही वर्षे सुधारते. साधी बाटली मात्र दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. दोन्हींना उष्णता मारक आहे. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्या कपाटातली बाटली मुरत नाही, बिघडते. बूच असलेली बाटली अंधारात, गारव्यात आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही.