चिरेखाण संपल्यावर जमिनीचे काय?

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरच्या परिसरात घरांच्या भिंती, विहिरी आणि गडगे जांभ्या दगडाचे आहेत. हा दगड जमिनीत असताना मऊ असतो. कापून उघड्यावर ठेवला की कठीण होत जातो. म्हणूनच तो पूर्वी हत्यारांनी तासता येत असे व आता यंत्राच्या पात्याने कापला जातो. चिरा बांधकामावर जातो. खड्डा मात्र सड्यावरच राहतो.

खाणीचा पसारा

खाण उघडताना मातीचा पातळ थर व वरचा निरुपयोगी कातळ दूर केला जातो. मग थराथराने चिरे कापतात. चिरे रचण्याची जागा, मालमोटारींचा रस्ता आणि चुऱ्याचे व डबराचे ढीग मिळून बरीच जमीन व्यापली जाते. माती डबराखाली गाडली गेली, तर ती पुन्हा मिळत नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या प्रदेशात सुटा चुरा वाहून ओढ्यांत व भातखाचरांत उतरतो. उभ्या कडांच्या खड्ड्यांत पाणी साचून मुलांना व गुरांना धोका निर्माण होतो.

कोळसाखाणींचा धडा

विदर्भातील कोळसाखाणींवर हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथे कोळसा फोडणारी यंत्रे, वाहक पट्टे, साठवण बंकर आणि रेल्वेचे फाटे यांचीही विल्हेवाट लावावी लागते. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाण बंद करण्याचा आराखडा आधीच तयार करून त्यासाठी स्वतंत्र खात्यात पैसा ठेवणे बंधनकारक झाले. खर्चाची तरतूद उत्पन्न चालू असतानाच व्हावी, हे यामागील तत्त्व होय.

जांभा हे गौण खनिज असल्याने त्यास राज्याचे २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू होतात. पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिला.

पुनर्भरणाची रीत

पुनर्भरणाचा आरंभ पहिल्याच दिवशी होतो. माती वेगळी रचून तिच्याभोवती बांध घालावा. खोदकाम पुढे सरकेल तसे मागील खड्ड्यात तळाशी डबर, त्यावर चुरा व शेवटी माती पसरावी. कडा उतरत्या कराव्यात. मातीची जाडी पुरेशी असेल तेथे काजू लावता येईल. एखादा खड्डा पाणवठा म्हणून राखावयाचा झाल्यास त्यास कुंपण व उतरण्याची वाट हवी. सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. पावसाळ्यात फुलणारी गवते व रानफुले ही त्याची स्वतःची संपत्ती आहे.

खाणीस प्रारंभ होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने तीन गोष्टी विचाराव्यात: माती कोठे ठेवणार, पावसाचे पाणी कोठे सोडणार आणि खड्डा कोण, केव्हा भरणार? या उत्तरांची लेखी नोंद असली, म्हणजे चिरे संपल्यावरही जमीन गावाच्या उपयोगी राहील.