बाद झालेलं मूल कुठे बसतं? – मुलांचे कबड्डी सामने बघायला जाताना



थंडी पडायला लागली की आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये हिवाळी क्रीडा स्पर्धांची गडबड सुरू होते. आधी केंद्र, मग प्रभाग, मग तालुका आणि शेवटी जिल्हा. आमच्या पाली परिसरातल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं सकाळीच टेम्पोत बसून मैदानावर पोचतात. लाल मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या असतात, कडेला पाण्याचा पिंप असतो, केळ्यांचा घड असतो. आणि रेषेला अगदी चिकटून आपण मोठी माणसं उभी असतो!

कॅनडातल्या छोट्या गावांत बर्फावरच्या हॉकीसाठी गावाचं बंदिस्त मैदान असतं. तिथेही पालक भल्या पहाटे मुलांना घेऊन येतात आणि गरम कॉफी हातात धरून सामने बघतात. आपल्या कोकणात तो मान कबड्डीच्या मैदानाला आहे. खेळ वेगळा, हवा वेगळी. पण कडेला उभ्या असलेल्या आईबाबांच्या काळजाची धडधड तीच. म्हणून यंदा सामने बघायला जाण्याआधी थोडी तयारी आपणही करूया.

आधी मैदान समजून घ्या

किशोर गटासाठी मैदान साधारण 11 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. मोठ्या पुरुषांसाठी ते 13 बाय 10 मीटर असतं. मधोमध मध्यरेषा, तिच्या पलीकडे निदानरेषा आणि त्याच्याही पुढे बोनस रेषा. दोन्ही बाजूंना 1 मीटर रुंदीची राखीव पट्टी असते, तिला आपण लॉबी म्हणतो.

या लॉबीवरूनच कडेला सगळ्यात जास्त भांडणं होतात. नियम सोपा आहे. चढाई करणारा आणि पकडणारे यांचा एकमेकांना स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की लॉबी मैदानात धरतात. स्पर्श होण्याआधी तिथे पाय पडला, तर खेळाडू बाद. तेव्हा पंचांनी हात वर केला की लगेच "पंच त्यांच्या शाळेचे आहेत" असं म्हणू नका. मुलं ऐकत असतात.

मग खेळ बघा

एका संघाचे 7 खेळाडू मैदानात असतात. चढाईला 30 सेकंद मिळतात आणि तेवढा वेळ "कबड्डी कबड्डी" असा दम ऐकू येईल असा चालू ठेवावा लागतो. चढाईपटूने कुणाला स्पर्श केला नाही, तर किमान निदानरेषा तरी ओलांडायलाच हवी. समोर 6 किंवा 7 खेळाडू असतील तेव्हाच बोनस गुण मिळतो. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, म्हणजे 2 गुण जास्तीचे.

किशोर गटात 15-15 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 5 मिनिटं विश्रांती असते. स्थानिक स्पर्धेत संघ जास्त असले की वेळ कमी करतात, ते आधी विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट : बाद झालेलं मूल

बहुतेक खेळांत बाद म्हणजे संपलं. कबड्डीत तसं नाही. बाद झालेला खेळाडू अंतिम रेषेमागे आखलेल्या जागेत जाऊन बसतो. त्याच्या संघातल्या कुणी स्पर्श करून किंवा पकड करून गडी बाद केला की तो जिवंत होऊन आत येतो. जो आधी बाद झाला, तो आधी आत. नुसत्या बोनस गुणाने कुणी जिवंत होत नाही.

म्हणजे बघा, बाद झालेलं मूल स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. त्याला दुसऱ्याने आणावं लागतं. आणि ज्याने आणलं, तो पुढच्याच चढाईत बाद झाला तर त्याला आणायची पाळी याची!

हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी आमचा संघ एका गुणाने हरला. शेवटची चढाई सहावीतल्या एका मुलाची होती, त्याची पकड झाली. टेम्पोत बसताना मी सहज म्हणून गेलो, "अरे, नुसतं परत यायचं होतं रे, बाकी काही करायचं नव्हतं." सगळे गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. पोटात दुखतं म्हणाला, मग आजीकडे जायचंय म्हणाला. वर्षभर तो मैदानाच्या कडेनेच घरी जायचा. खेळाने त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं असतं, मी वर्षभर बसवलं.

शेवटी त्याला परत आणलं ते माझ्या समजावण्याने नाही. संघातली दोन पोरं त्याच्या घरी गेली आणि "सातवा गडी कमी पडतोय, चल" एवढंच म्हणाली.

मोठ्यांच्या खेळातही हेच दिसतं. आशियाई स्पर्धांत 1990 पासून 2014 पर्यंत पुरुष कबड्डीचं सुवर्ण सलग भारताकडे होतं. 2018 मध्ये जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला हरवलं. महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच जिंकला, आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! पुढे 2023 मध्ये हांगझोऊला भारताची दोन्ही सुवर्णं परत आली. हरलेल्यांना परत यायला वाट ठेवली, म्हणूनच ना?

पालकांनी काय करावं?

- रेषेपासून दोन पावलं मागे उभे राहा. सूचना देण्याचं काम मार्गदर्शक शिक्षकांचं.
- "धर त्याला", "पाड त्याला" याऐवजी मुलांची नावं घ्या, टाळ्या वाजवा. समोरच्या संघाच्या चांगल्या पकडीलाही.
- हरल्यावर पहिला प्रश्न "कसं काय हरलात?" हा नको. "पाणी प्यायलास का? कुठे लागलं का?" हा असू दे.
- राखीव खेळाडूंशी आवर्जून बोला. ती मुलंही पहाटे उठूनच आलेली असतात.

वर्गात काय करता येईल?

- मुलांकडून अंगणात मैदान आखून घ्या. 11 बाय 8 मीटरची परिमिती 38 मीटर, क्षेत्रफळ 88 चौरस मीटर. गणित पायाखाली येतं.
- 30 सेकंद दम धरायला लावा आणि आधी-नंतर नाडीचे ठोके मोजून लिहायला सांगा. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना वेळ मोजायचं काम द्या.
- "मी बाद होऊन बसलो होतो तेव्हा" या विषयावर दहा ओळी लिहून घ्या. काही मुलं खेळाबद्दल लिहितील, काही दुसऱ्याच कशाबद्दल. दोन्ही नीट वाचा.

तुमच्या शाळेतही असं एखादं मूल मैदानाच्या कडेने जात असेल. यंदाच्या स्पर्धेआधी त्याला कोण आणणार, एवढं ठरवूया.