कासरा कुणाच्या हातात?

भातकापणी उरकली की पनवेलच्या आसपासच्या गावांत रविवारची सकाळ वेगळीच उजाडते. टेम्पोतून बैल उतरतात, मोकळ्या रानात आखलेल्या धावपट्टीच्या दोन्ही कडांना माणसं दाटतात आणि कर्ण्यावरून नावं पुकारली जातात. इथली खरी हौस ‘बिनजोड’ची. दोनच गाड्या, शेजारीशेजारी, आव्हान देऊन जमवलेली शर्यत. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, सेकंद मोजतात. सातारा-सांगलीकडे गट, सेमीफायनल, फायनल असा दिवसभराचा पसारा असतो. बिनजोडीत मात्र याची गाडी पुढे की त्याची, एवढाच सवाल.

पुकारली जातात ती नावं बैलांची आणि मालकांची. पुष्कळदा एका जुवाखालचे दोन बैल दोन वेगळ्या मालकांचे असतात आणि त्या दिवसापुरती त्यांची जोडी जमवलेली असते. छकड्यावर वाकलेला, मुठीत कासरे आवळून धरणारा गाडीवान कोण, हे त्यानंतर. पश्चिम महाराष्ट्रात त्याला सर्रास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. शर्यतीत जीव त्याचा टांगणीला लागलेला असतो. मिशीवर ताव मात्र मालक देतो.

मुळात हे दोघे एकच होते. नांगराचा बैल जत्रेत पळायचा आणि ज्याचं शेत त्याच्याच हातात कासरा असायचा. पुढे शर्यतीसाठी वेगळा बैल पाळायचा, त्याला नांगराला लावायचंच नाही, अशी रीत पडली. पनवेल-उरण भागात तर १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या आणि नांगरायला शेतच उरलं नाही अशी गावं झाली. शेत गेलं, पण गोठ्यातला पळाऊ खिलार बैल राहिला. उलट त्याचा रुबाब वाढला.

असंच काहीसं सातासमुद्रापार घडलं, आणि ते मोटारींच्या बाबतीत. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ शर्यत म्हणतात ती मुळात दुकानात मिळणाऱ्या साध्या मोटारींची. तिच्या आरंभीच्या काळातले बरेच चालक चोरटी दारू वाहणारे होते. पोलिसांना चकवायला गाडी पळवायची, आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी एकमेकांशी लावायची. १९४८ मध्ये ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी निव्वळ साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली तेव्हा ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पक्क्या केलेल्या सापडल्या. दारूचे डबे भरले तरी गाडी मागे बसू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त! डनवेला बाद केलं आणि जिम रोपर विजेता ठरला. नांगराचे बैल शर्यतीत उतरावेत आणि जुवाच्या खुणेवरून पकडले जावेत, तसाच हा प्रकार.

पैसा आला तसा तिथेही मालक वेगळा आणि चालक वेगळा झाला. बड्या मालकांच्या कार्यशाळा, त्यांचे कारागीर, आणि पगारावर ठेवलेला चालक. या काळात विस्कॉन्सिनच्या ॲलन कुलविकीनं उलटी वाट धरली. तो शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर. १९८५ मध्ये सामानसुमान विकून तो शार्लटला निघाला, तर निघायच्या तोंडावर त्याचा ट्रक जळाला. तरी गेला. पुढच्याच वर्षी मोजक्या माणसांच्या बळावर त्यानं नवोदित चालकांतला सर्वोत्तम हा किताब मिळवला. संघ त्याचा, गाडी त्याची, चाकामागेही तोच. ज्युनियर जॉन्सन या मातब्बर मालकानं आपली गाडी चालवण्यासाठी त्याला १० लाख डॉलर देऊ केले, तर त्यानं नकार दिला. आपल्याकडे याला हट्ट म्हणतात, तिकडेही लोकांनी तेच म्हटलं.

१९९२ च्या मोसमात सहा शर्यती उरल्या असताना तो अजिंक्यपदाच्या चढाओढीत २७८ गुणांनी मागे होता. १५ नोव्हेंबरला अटलांटात शेवटची शर्यत. पहिल्याच थांब्यावर त्याचा पहिला गिअर मोडला. सगळ्यात जास्त फेऱ्यांत आघाडीवर राहणाऱ्याला ५ गुण जादा मिळत, म्हणून कुलविकी आणि त्याचे साथीदार इंधनाबरोबर फेऱ्यांचाही हिशेब करत होते. शर्यत त्याचा प्रतिस्पर्धी बिल इलियट यानं जिंकली, कुलविकी दुसरा आला. पण आघाडीच्या फेऱ्या त्याच्या १०३ आणि इलियटच्या १०२. अजिंक्यपद त्याला अवघ्या १० गुणांनी मिळालं. त्या ५ गुणांचं माप इलियटच्या पदरात पडलं असतं तर दोघे बरोबरीत आले असते आणि जास्त शर्यती जिंकलेला इलियट विजेता ठरला असता. विजयानंतर गाडीतून उतरण्याआधी कुलविकी केस विंचरत बसला. त्याच्या फोर्ड थंडरबर्डवरच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं त्यानं पुसून टाकली होती, म्हणून ती ‘अंडरबर्ड’ झाली होती. जिंकण्याची आशा नसलेल्याला तिकडे ‘अंडरडॉग’ म्हणतात, त्यावरून केलेला तो विनोद.

१ एप्रिल १९९३ रोजी विमान अपघातात तो गेला. दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलच्या मैदानात त्याच्या संघाचा ट्रक काळं पुष्पचक्र लावून संथ फेऱ्या मारत राहिला. स्वतःच्या संघासाठी गाडी चालवून अजिंक्यपद मिळवणारा पुढचा चालक टोनी स्टुअर्ट, तोही भागीदारीतल्या संघाचा; आणि साल होतं २०११.

त्याच वर्षी जुलैत इकडे भारतात केंद्र सरकारनं प्रदर्शन आणि खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयानं परवानगी रोखली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह मोकळीक मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही कायदा मान्य केला. दहा वर्षांत गोठे रिकामे होतील असं म्हणणाऱ्यांचे अंदाज चुकले. बंदीच्या काळातही दूध-अंडी घालून बैल पोसणारे होतेच, आणि बंदी उठल्यावर बैलांच्या किमती आणखी चढल्या.

पनवेल तालुक्यात या नादाचा चेहरा होते विहिघरचे पंढरीशेठ फडके. अंगावर सोनं, मोटारीच्या टपावर बसलेले शेठ आणि पुढे त्यांचा बैल. हा थाट मोबाइलवरून गावोगाव पोचला. ‘बादल’ नावाच्या बैलासाठी त्यांनी ११ लाख रुपये मोजल्याची चर्चा त्या वर्तुळात आजही चालते. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा मुख्य प्रवाहातल्या वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. पण टपावर बसणारे शेठ छकड्यावर वाकत नव्हते, तिथे दुसरा हात होता. तिकडे अमेरिकेत ज्याला कारमालक म्हणतात, तेच हे स्थान.

बिनजोड सुटते. गलका, धूळ, आणि काही क्षणांत निकाल. जिंकणाऱ्याच्या बैलांवर गुलाल पडतो, मालकाला खांद्यावर घेतलं जातं. तो गाडीवान तोवर जू उतरवत असतो. एका बैलाच्या तोंडाशी पाण्याची बादली धरतो आणि दुसऱ्याच्या वशिंडावरची धूळ हातानं पुसतो.