पट शंभर, खेळाडू सहा

टेक्सासमधल्या शालेय अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की आधी आकडे सांगितले जातात. डॅलसजवळच्या ॲलन या उपनगरात एका हायस्कूलसाठी २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचे स्टेडियम बांधले गेले. दोन वर्षांच्या आत त्याच्या काँक्रीटला तडे गेले आणि ते दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले, ही गोष्टही तितक्याच चवीने सांगतात. राज्याच्या पश्चिमेला ओडेसा आहे. तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८ च्या हंगामावर बझ बिसिंजर यांनी ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक लिहिले. पुढे त्यावर सिनेमा आला, दूरचित्रवाणी मालिका आली आणि शुक्रवारची रात्र म्हणजे टेक्सासचा धर्मच, असे जगभर ठरून गेले.

पण त्याच शुक्रवारी रात्री, त्याच राज्यात, दीडशेच्या आसपास सरकारी शाळा निराळाच फुटबॉल खेळत असतात. चेंडू तोच लांबट, हेल्मेट तेच, धडकही तीच. फक्त एका बाजूला अकरांऐवजी सहा खेळाडू. ज्या हायस्कूलचा पट साधारण शंभरच्या आत आहे, त्यांच्यासाठी हा खेळ. पट शंभर म्हणजे नववी ते बारावी अशा चार इयत्ता मिळून शंभर मुले-मुली, आणि तोही वरच्या टोकाचा आकडा. कित्येक शाळांत तो तीस-चाळिसांवरच थांबतो.

या गावांचा नकाशा पाहिला म्हणजे कारण कळते. किंग काउंटी हे क्षेत्रफळाने बृहन्मुंबईच्या जवळजवळ चौपट, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसे भरली २६५. काउंटीचे ठाणे गथ्री. तिथे प्रसिद्ध ‘फोर सिक्सेस’ रँचचे मुख्यालय आहे, एक शाळा आहे आणि त्या शाळेचा सहा जणांचा संघ आहे. बोर्डन काउंटीत त्याच वर्षी ६३१ लोक होते. तिथेही सगळ्या काउंटीला मिळून एकच शाळा, आणि ती या खेळात एकाहून अधिक वेळा राज्यविजेती ठरली आहे.

खेळाचा जन्म मात्र टेक्सासचा नाही. महामंदीच्या दिवसांत नेब्रास्कातल्या चेस्टर या छोट्या गावच्या हायस्कूलमध्ये स्टीफन एप्लर नावाचा तरुण शिक्षक होता. आसपासच्या शाळांकडे अकरा धड मुले नव्हती आणि अकरा जणांच्या पोशाखाला पैसेही नव्हते. एप्लरने खेळच बेतून लहान केला. २६ सप्टेंबर १९३४ रोजी हेब्रन गावी, दिव्यांच्या उजेडात पहिला सामना झाला. दोन्ही बाजूंना दोन-दोन शाळांचे जोडसंघ होते: हार्डी आणि चेस्टर एकीकडे, बेल्व्हिडियर आणि अलेक्झांड्रिया दुसरीकडे. सामना १९-१९ असा बरोबरीत सुटला. चारच वर्षांत, १९३८ मध्ये, टेक्सासने हा खेळ उचलला. एप्लर पुढे दुसऱ्याच वाटेने गेला. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी त्याने १९४६ मध्ये ऑरेगनमधल्या व्हॅनपोर्ट इथे एक छोटे महाविद्यालय काढले, आणि त्याचेच आज पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटी झाले आहे. जे हाताशी आहे तेवढ्यात पुरी संस्था उभी करायची, ही त्याची हातोटी दोन्हीकडे दिसते.

नियम पाहिले तर एप्लरने नुसती पाच माणसे वगळली नाहीत, हे ध्यानात येते. मैदान शंभर यार्डांऐवजी ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद. अकरा जणांच्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते, इथे पंधरा. कारण मोकळ्या मैदानात दहा यार्ड फारच सोपे पडले असते. डाव दहा-दहा मिनिटांचे चार. चेंडू गोलखांबांमधून लाथेने पाठवणे इथे अवघड, कारण मारणाऱ्याला आडोसा देणारी भिंत फार थोड्या जणांची. म्हणून त्याचे मोलही वाढवलेले: फील्ड गोलला तीनऐवजी चार गुण, आणि टचडाउननंतरच्या, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्यानंतरच्या, किकला एकाऐवजी दोन. नेम धरून लाथ मारू शकणारा एखादा पोरगा अशा शाळेत सापडला तर तो सोन्याच्या मोलाचा.

पण खेळाचा खरा जीव आणखी दोन नियमांत आहे. पहिला असा, की सेंटरने पायांमधून मागे दिलेला चेंडू जो झेलतो, त्याला स्वतः तो घेऊन, चेंडू जिथून दिला त्या रेषेपलीकडे पळता येत नाही. त्याने तो आधी दुसऱ्याकडे सोपवायचा किंवा फेकायचा. दुसरा नियम, सहाही जण पास झेलायला पात्र.

प्रत्यक्षात काय होते पाहा. चेंडू मागे येतो. झेलणारा तो हलकेच उडवून बाजूने धावत आलेल्या सोबत्याच्या हाती देतो. एवढ्यात सेंटर, म्हणजे संघातला सगळ्यात अंगाने भरलेला मुलगा, समोरच्याला एक धक्का देऊन सरळ पुढे पळत सुटतो. बचाव करणाऱ्यांची नजर चेंडूमागे डावीकडे गेलेली असते, आणि चेंडू हातात असलेला मुलगा पळता पळता थांबून तो उजवीकडे फेकतो. सेंटरच्या वीस पावलांत कोणी नसते. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये हाच मुलगा शाळेची चार वर्षे ढकलाढकलीत घालवतो; चेंडू हातात घेऊन पळण्याची वेळ त्याच्यावर बहुधा येतच नाही. इथे तो टचडाउन करतो आणि मैदानाभोवती उभ्या केलेल्या पिकअप गाड्यांचे भोंगे एकदम वाजू लागतात.

बचावाची गणितेही निराळी. अकरा जणांत एकाची पकड सुटली तर मागे दोघे-तिघे असतात. सहा जणांत एकाने चुकीचा कोन धरला की मागे फक्त गवत. म्हणून साठ-पन्नास असे गुणफलक इथे कोणाला नवलाचे वाटत नाहीत. एकतर्फी सामन्यासाठी सोयही आहे: मध्यंतराला किंवा त्यानंतर केव्हाही एका संघाची आघाडी ४५ गुणांची झाली की सामना तिथेच संपतो. गावागावांत त्याचे क्रियापदच झाले आहे. अमक्यांनी तमक्यांना ‘फॉर्टी-फाइव्ह’ केले, एवढे म्हटले की पुढचे सांगायला नको.

हा खेळ चालवणारी यंत्रणा मोठ्या शाळांचीच आहे. १९१० मध्ये सुरू झालेली आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली चालणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, दर दोन वर्षांनी प्रत्येक शाळेची ऑक्टोबरमधली पटसंख्या घेते आणि फेब्रुवारीत नवे गट जाहीर करते. दोन हजारांवर मुलांच्या शाळा सगळ्यात वरच्या ‘सिक्स-ए’मध्ये, आणि आपल्या छोट्या शाळा तळाच्या ‘वन-ए’मध्ये. सहा जणांच्या खेळाला राज्य अजिंक्यपद १९७२ पासून आहे. आता अंतिम सामना डिसेंबरात आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर होतो. डॅलस काउबॉइजचे, ऐंशी हजार माणसे बसतील असे ते घर. सगळे गाव उठून आले तरी त्याच्या एका कोपऱ्यात मावते. रिचलंड स्प्रिंग्ज या इवल्या गावाने २००४ पासून जिंकलेली अजिंक्यपदे पाहिली तर मोठमोठ्या शाळांनी हेवा करावा.

मैदानाबाहेरची बाजू पाहिली की या फुटबॉलचा भार कशावर आहे ते कळते. मुख्य कोच हा शाळेचा पूर्णवेळ नोकर असावा लागतो, असा यूआयएलचा नियम. छोट्या शाळेत त्याचा अर्थ असा, की तोच सकाळी इतिहास शिकवतो, दुपारी मैदानावर चुना मारतो आणि शुक्रवारी पिवळी बसही बऱ्याचदा तोच चालवतो. पुढचे गाव शंभर मैलांवर असले तर परत येईतो मध्यरात्र उलटते. बूस्टर क्लबचे पालक खिडकीमागे उभे राहून फ्रिटो पाय विकतात: मक्याच्या चिप्सची पुडी फाडून तिच्यातच खिम्याचा दाट तिखट रस्सा आणि वर चीज. त्या पैशांतून पुढच्या हंगामाची हेल्मेटे येतात. मध्यंतराला बँड मैदानात उतरतो आणि त्यात एकदोघे खांद्यावरची पॅडे न उतरवताच ट्रम्पेट घेऊन उभे असतात. शाळेला बँडही हवा आणि संघही हवा, मुले मात्र तीच.

सगळीच गावे गरीब आहेत असे मात्र नाही. जिथे तेलविहिरी किंवा पवनचक्क्या आहेत, तिथे मालमत्ता कराचे भरपूर उत्पन्न शाळेच्या दारी येते. त्यातला वाटा राज्य काढून घेते आणि कमी उत्पन्नाच्या शाळांना देते, तरी उरते ते पुष्कळ असते. अशा गावांत चकाचक मैदाने आहेत, दिवे आहेत, सगळे काही आहे. नाहीत ती मुले. कापूस वेचणारी यंत्रे आली, पन्नाशीच्या दशकातल्या दुष्काळाने शेते मोडली, ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले. प्रत्येक वेळी काही घरे उठली आणि परत भरली नाहीत. पैशाने स्कोअरबोर्ड आणता येतो, नववीचा वर्ग आणता येत नाही.

मोठ्या शाळेत फुटबॉल मुलांना गाळतो. शंभर-दीडशे जण निवडीला येतात. हळू, बुटके, भिडस्त असे एकेक करून बाहेर पडतात, आणि उरलेल्यांतलेही निम्मे हंगामभर बाकावर बसतात. छोट्या शाळेत निवड नसतेच. जो येईल तो संघात, आणि जो संघात तो बचावालाही आणि चढाईलाही. ज्याला दुसरीकडे कोणी मैदानात उभे केले नसते, तो इथे चार वर्षे प्रत्येक चेंडूला हजर असतो. क्रिस्टोव्हल गावी असाच सहा जणांचा फुटबॉल खेळलेला जॅक पार्डी पुढे टेक्सास ए अँड एमकडून आणि मग एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला, तिथल्या संघांचा मुख्य प्रशिक्षकही झाला. पण पार्डी हा अपवाद आहे. या खेळाचा मोठेपणा त्याच्यापेक्षा त्या अंगाने भरलेल्या सेंटरमध्ये जास्त आहे.

हीच गोष्ट उलटीही लागू पडते. जिथे प्रत्येकाची गरज असते, तिथे नको म्हणण्याची मुभा कोणाला नसते. १९८४ च्या कायद्याप्रमाणे टेक्सासमध्ये एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गुण पडले की मुलाला ठरावीक काळ स्पर्धेत उतरता येत नाही. पर्मियनसारख्या शाळेत एक मुलगा बीजगणितात घसरला तर दुसरा उभा राहतो. आठ मुलांच्या संघात दोघे घसरले तर संघ कसाबसा सहावर येतो, आणि गणिताच्या बाईंच्या लाल पेनाकडे सगळ्या गावाचे डोळे लागतात. २०११ च्या राज्य कायद्याने डोक्याला मार बसल्याची शंका आली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवता येत नाही. नियम चांगलाच आहे, पण बाकावर कोणी नसताना ‘माझे डोके दुखतेय’ असे म्हणायला सोळा वर्षांच्या पोराला किती धीर लागत असेल! मुले कमी पडली म्हणून सामना सोडून द्यावा लागतो, क्वचित उरलेला हंगामही. त्याचा बोल त्या हंगामात न खेळलेल्या मुलाला लागतो, बोलून कोणी दाखवो न दाखवो.

गावे हे सगळे सोसतात, कारण संघ गेला की शाळा जाईल आणि शाळा गेली की गाव जाईल, अशी धास्ती त्यांना आहे. पट कमी म्हणून शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायची, हा वाद मराठी वाचकाला परका नाही. पण संघ असला म्हणजे शाळा टिकते, हे खरे नव्हे. १९७२ चे पहिले राज्य अजिंक्यपद ओब्रायन या गावाने जिंकले. त्या ओब्रायनची शाळा पुढे शेजारच्या नॉक्स सिटीत विलीन झाली, आणि तो जोडसंघही आज सहा जणांचाच फुटबॉल खेळतो. अजिंक्यपदाने शाळा वाचली नाही. दोन गावे एकत्र येऊनही खेळ सहाचा अकरा झाला नाही.

तेव्हा या खेळाकडून गाव राखण्याची अपेक्षा करणे चूक आहे. तो ओहोटी थांबवत नाही. जी मुले आज आहेत त्यांच्यापैकी कोणाला बाजूला बसावे लागू नये, एवढेच तो पाहतो. १९३४ मध्ये एप्लरने सोडवलेला प्रश्नही तेवढाच होता. म्हणून फेब्रुवारीत यूआयएलचे नवे गट जाहीर झाले की छोट्या गावचा कोच आपला गट पाहतो आणि लगेच खालच्या वर्गांचे हजेरीपट काढून बसतो. यंदा नववीत किती मुलगे आहेत हे गावात सगळ्यांनाच पाठ असते. पहिलीत किती आले, यावर पुढच्या दहा वर्षांचा फुटबॉल ठरायचा असतो.