दोन दप्तरांमधील अंतर

जिल्हा न्यायालयाच्या दप्तरखान्यात निकाली फौजदारी प्रकरणांचे बस्ते सोडून त्यांतील रोजनामे वाचणाऱ्या संशोधकांसमवेत बसण्याचा योग आला, तेव्हा न्यायव्यवस्थेचा अभ्यास हे मुख्यतः चिकाटीने वाचण्याचे काम आहे, याची मला प्रतीती आली. प्रत्येक तारखेस काय घडले याची त्रोटक नोंद रोजनाम्यात असते: आरोपीस कारागृहातून हजर केले नाही, साक्षीदार गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर. दोघे जण तीच नोंद स्वतंत्रपणे वाचून तिचे वर्गीकरण करीत, आणि जेथे मतभेद होई तेथे मूळ कागद पुन्हा उघडला जाई. आरोपीचे नाव मात्र टिपणात कोठेही उतरत नसे.

चोरीच्या एका प्रकरणात जामिनाचा हुकूम झालेला होता. या संशोधकांपैकी कायद्याच्या अभ्यासकाच्या लेखी आरोपीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेथेच मिटला होता. परंतु संख्याशास्त्रज्ञाने कारागृहाच्या नोंदवहीतील सुटकेची तारीख त्या हुकमाशेजारी मांडली, तेव्हा मधले कित्येक महिने दृष्टीस पडले, आणि त्या महिन्यांचा अर्थ समाजकार्याच्या अभ्यासक बाईंनी उलगडला. परमुलखातून मजुरीस आलेल्या माणसासाठी सातबारा किंवा ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहील असा जामीनदार या गावात मिळणार कोठून?

हा प्रश्न जुनाच आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या मोतीराम या गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला होता आणि त्याच्या भावाची हमी, तो व त्याची मालमत्ता परजिल्ह्यात असल्याच्या सबबीवर, नाकारली गेली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने फर्मावले की, जामिनाची तारीख कारागृहाच्या संगणकीय प्रणालीत नोंदवावी, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात हमी न मिळाल्यास न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा.

न्यायालयास हुकूम ठाऊक असतो, कारागृहास सुटका ठाऊक असते. या दोन दप्तरांमधील अंतर मोजण्यास एकट्या कायद्याची, गणिताची वा समाजशास्त्राची विद्या पुरत नाही. संशोधकांनी एका जिल्ह्यात कष्टाने घातलेला हा मेळ प्रत्येक जिल्ह्यात दरमहा घातला गेला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. त्यासाठी नवा कायदा नको, दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचणारी माणसे मात्र हवीत.