उपकार आणि व्यवस्था : मुंबई उपनगरांतील लोकसाहाय्याचा धडा

शाळा शासनाची असली तरी ती गावाचीही आहे, असे आपण सभासमारंभांतून नेहमी ऐकतो. परंतु गावाने शाळेसाठी नेमके काय करावे आणि ते कोणत्या रीतीने करावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. पावसाळ्यात वर्गाचे छप्पर गळू लागले, की मुख्याध्यापक गावातील एखाद्या दुकानदाराकडे जातात. दुकानदार भला असतो. तो चार पत्रे देतो. त्या वर्षाचे काम भागते. पुढे मुख्याध्यापकांची बदली होते किंवा दुकानदाराचे दुकान मुलाच्या हाती जाते, आणि तो ओघ आटतो. दात्याची वृत्ती चांगली होती आणि मागणाऱ्याचा हेतूही शुद्ध होता. मग साहाय्य टिकले का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या उपनगरांकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

उपनगरांची जडणघडण

अंधेरी, पार्ले, गोरेगाव, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज महानगराची अंगे झाली आहेत. पण मुळात ती साष्टी बेटावरील गावेच होत. भातखाचरे, मिठागरे, कोळीवाडे व आंबराया असे त्यांचे रूप होते. लोहमार्गाच्या आधाराने तेथे वस्ती वाढली आणि १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत ही गावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. तत्पूर्वी शहराच्या सोयी तेथे पोहोचलेल्या नव्हत्या. यास्तव तेथील रहिवाशांना बऱ्याच गोष्टी आपल्या आपण उभारणे भाग पडले. आपल्या गावांची आजची स्थिती त्या वेळच्या उपनगरांहून फार निराळी नाही. म्हणूनच हे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे.

पार्ल्याचे उदाहरण

लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. त्यांचे स्मरण कसे राखावे, हा प्रश्न गावोगावी निघाला. पार्ल्यातील मंडळींनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढले, आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघाची स्थापना केली. संघाने ग्रंथालय चालविले, व्याख्याने भरविली, नागरिकांना एकत्र येण्यास हक्काची जागा दिली. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा साहित्यिक याच विद्यालयात शिकला. दोन्ही संस्थांनी आता वयाची शंभर वर्षे ओलांडली आहेत.

याच गावी १९२९ मध्ये मिठाई व पुढे बिस्किटे करणारा एक कारखाना निघाला. त्याने गावाचेच नाव घेतले, आणि 'पार्ले' हा शब्द खेड्यापाड्यांतील मुलांच्याही तोंडी झाला. भाजणाऱ्या बिस्किटांचा वास ही गाडीतून जाणाऱ्यांना पार्ले आल्याची खूण असे. परिसरातील लोकांना रोजगार देणे, हीदेखील उद्योगाने केलेली समाजाची सेवाच होय. तथापि २०१६ मध्ये तो जुना कारखाना बंद झाला. उद्योगाचे गणित बदलले की तो स्थलांतर करतो. त्यात दोष देण्याजोगे काही नाही. परंतु शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की अनेक लहान हातांवर उभी राहिलेली शाळा व वाचनालय टिकले, आणि एका मोठ्या धुराड्याचा धूर मात्र थांबला. कोणतीही लोकोपयोगी संस्था एकाच दात्याच्या आधारावर ठेवणे हितावह नसते.

ज्याचा जो व्यवसाय, त्याचे ते दान

बलुतेदारीची माहिती आपल्या विद्यार्थ्यांना असते. सुतार, लोहार, कुंभार यांनी आपापल्या कसबाने गावाची गरज भागवावी आणि गावाने त्यांना धान्य द्यावे, अशी ती पद्धती होती. ती जन्माने बांधलेली व विषमतेची होती, म्हणून ती गेली हे योग्यच झाले. परंतु प्रत्येकाने आपल्या हातातील कसब समाजाच्या कामी लावावे, हे तिच्यातील तत्त्व आजही खरे आहे. मात्र ते आता स्वेच्छेने व समान प्रतिष्ठेने आचरावयाचे आहे.

मुंबईचे डबेवाले हे याचे उत्तम उदाहरण आहे. हे बहुतेक लोक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील शेतकरी कुटुंबांतले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या व्यवसायाचा पाया घातला असे मानले जाते. बोरिवली, अंधेरी यांसारख्या उपनगरांतील घरांतून डबे गोळा करावयाचे, त्यांवरील रंग व अक्षरांच्या खुणा पाहून ते कचेरीत पोहोचवावयाचे आणि रिकामे डबे परत आणावयाचे, हे त्यांचे काम. २०१५ मध्ये त्यांनी 'रोटी बँक' सुरू केली. लग्नकार्यांत व समारंभांत उरलेले चांगले अन्न उचलून भुकेल्यांपर्यंत नेणे, हा तिचा हेतू. डबेवाल्यांपाशी दान करण्यास धन नव्हते. परंतु सायकल होती, रस्त्यांची माहिती होती आणि अन्न वेळेवर पोहोचविण्याची सवय होती. त्यांनी तेच दिले. पैसा मागितला असता तर काहीच मिळाले नसते.

मोठ्या उद्योगाचे साहाय्य निराळ्या स्वरूपाचे असते. घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यान विक्रोळी येथे गोदरेज उद्योगसमूहाने कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत वसविली आणि १९५५ मध्ये 'उदयाचल' ही शाळा काढली. तेथील खाडीकाठच्या खारफुटीचेही या समूहाने जतन केले आहे. आता तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. शिक्षण हा त्यात मान्य झालेला विषय असून, कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायद्यात म्हटले आहे. आपल्या तालुक्यात औद्योगिक वसाहत असेल तर शिक्षकांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी.

एका दिवसाचे साहाय्य आणि अनेक वर्षांचे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, हजारो लोक वाटेतच अडकले. त्या रात्री अनोळखी माणसांसाठी घरांची दारे उघडली गेली. कोणी चहा दिला, कोणी कोरडे कपडे दिले. शाळांनी, देवळांनी व मशिदींनी आसरा दिला. माणसाच्या ठायी असलेल्या सद्भावनेचे ते दर्शन होते. परंतु असे साहाय्य प्रसंगाबरोबर येते आणि प्रसंगाबरोबर ओसरते.

याउलट वर्सोव्याचे पाहा. अंधेरीच्या पश्चिमेस असलेल्या या किनाऱ्यावर कचऱ्याचे थर साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलांनी एका वृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन तो उचलण्यास प्रारंभ केला. आठवड्यामागून आठवडे हे काम चालले; रहिवासी, कोळी बांधव, विद्यार्थी त्यात येत गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कार्याचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. मात्र मध्यंतरी, २०१७ च्या नोव्हेंबरात, काही लोकांचा उपद्रव होऊ लागला आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जाईना, म्हणून हे काम काही काळ थांबवावे लागले होते. शासनाकडून आश्वासन मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. स्वयंसेवक कचरा गोळा करू शकतात. तो वाहून नेण्याची यंत्रणा सार्वजनिकच असावी लागते.

सेवा आणि हक्क

लोकसाहाय्याची चर्चा करताना एक धोका ध्यानात घेतला पाहिजे. लोक करीत आहेत, तेव्हा आपण नाही केले तरी चालेल, असे यंत्रणेला वाटू लागते. गोरेगावच्या मृणाल गोरे यांचे कार्य या दृष्टीने मननीय आहे. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या समाजकार्यात आल्या आणि १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या. उपनगरांतील वस्त्यांना पाणी मिळत नव्हते. त्यांनी दात्यांकडून पाणी वाटून घेण्यात समाधान मानले नाही. स्त्रियांना संघटित करून पालिकेकडे नळाचा हक्क मागितला. लोक त्यांना प्रेमाने 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. जे शासनाचे कर्तव्य आहे ते शासनाकडे मागावे, आणि जे त्याच्या पलीकडचे आहे ते गावाने प्रेमाने उभारावे, ही विभागणी शिक्षकांनी नेहमी स्पष्ट ठेवावी. शिक्षक, वर्गखोली, पाणी व स्वच्छतागृह हे मुलांचे हक्क आहेत. ते दानाचे विषय नव्हेत. वाचनालयातील जादा पुस्तके, बागेची रोपे, सहलीची गाडी, एखाद्या कारागिराने दिलेला तास, हे गावाच्या प्रेमाचे विषय होत.

शाळेत काय करावे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. लोकसाहाय्य मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक ओळखीवर न ठेवता या समितीच्या स्वाधीन करावे. त्यासाठी पुढील सूचना उपयोगी पडतील :

१. साहाय्याची एक नोंदवही ठेवावी. दिनांक, देणाऱ्याचे नाव, दिलेली वस्तू किंवा श्रम, आणि तिचा झालेला उपयोग, असे चार रकाने पुरेत. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षक बदलला तरी वही राहते.

२. मागताना पैसा शेवटी मागावा. सुताराकडे बाक दुरुस्त करण्याचा एक दिवस, किराणा दुकानदाराकडे मापे व वजने पाहण्याची परवानगी, गिरणीवाल्याकडे यंत्राची माहिती मागावी. यातून शाळेला वस्तूबरोबर पाठही मिळतो.

३. गरीब विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून वह्या वाटण्याचे समारंभ टाळावेत. साहाय्य शाळेला मिळावे आणि शाळेकडून सर्वांना सारखे जावे. दात्याचे आभार जरूर मानावेत; पण त्याचे मोल मुलाच्या खाली गेलेल्या मानेने चुकवू नये.

४. विद्यार्थ्यांनाही देणारे करावे. पार काढलेली पाण्याची जागा झाडून ठेवणे, वृद्धांना पत्र किंवा वृत्तपत्र वाचून दाखविणे, अशी लहान कामे वारांप्रमाणे नेमून द्यावीत.

५. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा आणि त्यावर कोण कोणाच्या उपयोगी पडतो ते रेषांनी दाखवावयास सांगावे. ज्या घराकडे एकही रेषा जात नाही, त्या घराचा विचार वर्गाने करावा.

उपनगरांतील संस्थांना शंभर वर्षांपूर्वी जे साधले, ते विशेष श्रीमंतीच्या बळावर साधले नाही. कोणाच्या तरी मनात आलेली उपकाराची भावना त्यांनी सभासद, वर्गणी, सभा व हिशेब यांच्या चौकटीत बसविली, आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपविली. आपल्या गावातही चांगली माणसे आहेत. त्यांच्या चांगुलपणाला अशी चौकट देण्याचे काम शाळेइतके चांगले दुसरे कोणीही करू शकणार नाही.